पुसलेली भेग

१

"सही करून टाक, म्हणजे सगळे सुटतील," मालक म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला.

सगळे म्हणजे मी सोडून सगळे. फोटो क्रमांक तीनमधली डोंगराची भेग मी स्वतःच्या मर्जीने, कुणालाही न विचारता पुसली, असं त्यावर टाइप केलं होतं. खाली सहीसाठी जागा आणि तिथे पेन्सिलीने फुली. न जाणो, मी चुकून दुसरीकडेच सही केली तर! एवढी काळजी या माणसाने पगाराच्या दिवशी कधी घेतली नव्हती.

"मी नाही पुसली," मी म्हटलं. सकाळपासून हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

झालं काय ते आधी सांगते. आमचा स्टुडिओ निसर्गदृश्यांचे फोटो सुधारून देतो. फोटोग्राफर डोंगर, तळी, झाडं टिपून आणतो आणि आम्ही ती संगणकावर नीटनेटकी करतो. मळकट आभाळ निळं करायचं, विजेच्या तारा काढायच्या, गवतात पडलेली पिशवी पुसायची. महिन्याभरापूर्वी डोंगरउतारावर घरं बांधणाऱ्या एका कंपनीचं काम आलं, सहा फोटोंचं. त्या कंपनीचे मोठे साहेब लांब बसतात. त्यांनी उतार डोळ्यांनी पाहिलाच नाही. आमचे सहा फोटो पाहिले आणि बांधकामाला मंजुरी देऊन टाकली. पाच दिवसांपूर्वी तो उतार खाली आला. पायथ्याच्या खोलीत साइटचा राखणदार बसलेला होता. तो गेला.

बातमी कळताच आमचा फोटोग्राफर धावत आला. पायाला भिंगरी असल्यामुळे आम्ही त्याला भटक्या म्हणतो. "माझ्या फोटोत भेग होती!" तो दारातूनच ओरडायला लागला. "उतारावर आडवी, ही एवढी! तुमच्या छापलेल्या फोटोतून कुठे गेली?" मूळ फोटो शोधायला गेलो तर फोल्डर रिकामं. कुणीतरी दाराजवळच्या सामाईक मशीनवरून तो काढून टाकला होता. भटक्याकडे कार्ड एकच, ते तो प्रत्येक वेळी पुसून वापरतो. पण त्या दिवशी डोंगरावर असताना त्याने कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून बायकोला पाठवला होता, 'बघ कुठे कडमडलोय' म्हणून. त्या नखाएवढ्या चित्रातसुद्धा भेग दिसत होती.

आणि छापायला गेलेला फोटो सेव्ह झाला होता दुपारी एक वाजून सदतीस मिनिटांनी. माझ्या मशीनवरून, माझ्या नावाने. तेव्हा मी गच्चीवर एकटीच जेवत होते. कबुतरांची साक्ष चालत असती तर प्रश्न नव्हता.

"पाच वाजता पोलीस येणार," मालक म्हणाले. "त्यांना एक नाव हवंय. तोपर्यंत कुणीही बाहेर जायचं नाही." त्यांनी दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली मात्र स्वतःच्या खिशात टाकली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बुटक्या बाई नाक पुसत बसल्या होत्या, त्यांच्या हातात दिली.

"पोलिसांनी मला आधी चौकशीला पाठवलंय," त्या बाई शिंकत म्हणाल्या. "आणि मला तो कागद आवडलेला नाही."

२

आमची कामाची खोली ज्याने पाहिली नाही त्याला त्या दुपारची घुसमट कळायची नाही. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबलंसुद्धा राखाडी, कारण रंगीत भिंत डोळ्यात शिरते आणि फोटोचा रंग चुकतो. खिडक्यांवर जाड काळे पडदे, तेही चौकटीला ठोकलेले. बाहेर ऊन आहे की ढग, काही कळत नाही. नऊ वर्षं मी तिथे मजेत बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की या खोलीला दार एकच आहे.

चौकशीबाईंनी बाकी चौघांना छपाईच्या खोलीत पाठवलं. मध्ये काचेचं दार आहे. पलीकडचं दिसतं, ऐकू येत नाही.

"तुम्ही इथेच बसा," त्या मला म्हणाल्या. "संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. कोण काय बोलतंय ते मला समजवायला कुणीतरी हवं. हळू बोला, सर्दीने कान बंद झालेत."

"पण संशय माझ्यावरच आहे ना?"

"म्हणून तर. तुम्ही खोटं समजावलंत तर तेही कळेल."

पहिले आले मालक. "मला नुसता माउस धरायचा म्हटलं तरी घाम फुटतो," ते म्हणाले. "मी माणसं सांभाळतो आणि मुदती. त्या दिवशी दोनला छपाई होती. कंपनीचा माणूस एकच्या सुमारास आला, छापील नमुने बघायला. मी त्याला बाहेर बसवलं आणि माझ्या केबिनमध्ये फोनवर होतो."

"तो बाहेरच बसला होता?"

"बसला असेल. नाहीतर फिरत असेल इकडेतिकडे. मी काय त्याला बांधून ठेवणार होतो?"

मग भटक्या. तो अजून फुरफुरत होता. दीडपर्यंत तो स्टुडिओत होता, पायाला आलेले फोड बघत बाहेरच्या बाकावर. "आणि मीच पुसली असती तर मीच बोंब कशाला मारली असती?" त्याने विचारलं. त्यात तथ्य होतं.

तिसरा झटपट. माझ्या शेजारी बसतो. हा प्रत्येक काम त्या झटपट निवडणाऱ्या ब्रशने उरकतो म्हणून हे नाव. माझ्या मोठ्या पडद्यावर त्याचा कधीपासून डोळा आहे. त्यावरून आमचं वाजलंही होतं. "दीडला मी खाली नाक्यावर चहा घेत होतो," तो म्हणाला. "कुणी पाहिलं का, माहीत नाही. पण ते मशीन हिचं आहे हो. मी काय बोलणार?" त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला त्याचे कान उपटावेसे वाटले.

शेवटी बाबा.

सांगायचं राहिलं, आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर म्हणजे माझे वडील. स्टुडिओत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. फिल्मच्या काळात ते निगेटिव्हवरचे ओरखडे बारीक ब्रशने भरायचे. पन्नाशीत संगणक शिकले आणि मग मला आणि झटपटला शिकवलं. आमच्या हातात जे काही आहे ते त्यांनी टोचून टोचून घातलेलं आहे.

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही खोलीत होतात?" चौकशीबाईंनी विचारलं.

"होतो. मी इथेच जेवतो."

"हिच्या मशीनवर कुणी बसलेलं पाहिलंत?"

"जेवण झालं की मी डोळे मिटून पडतो जरा," बाबा म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, पाहिलं नाही."

ते माझ्याकडे न बघता उठून गेले. माझी मुलगी असलं काही करणार नाही, एवढं तरी म्हणतील असं मला वाटलं होतं. कुणाच्याही बाबांनी म्हटलं असतं.

चौकशीबाईंनी वहीत काहीतरी खरडलं आणि घड्याळ पाहिलं. साडेतीन. "चौघांपैकी कुणीच तुमच्या बाजूने बोललं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूने एक गोष्ट दाखवा. एकच. मनातली नको, डोळ्यांना दिसणारी."

मी तिसरा फोटो उघडला आणि मोठा करत गेले. आणि पुसलेल्या जागेच्या कडेला मला ती दिसली.

३

"ही भेग आहे," मी म्हटलं.

"कुठाय?" बाई पडद्याला नाक लावून बघायला लागल्या.

"सगळी नाही. तिची साय राहिलीय."

खरंच राहिली होती. पुसलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना भेगेच्या बारीक फांद्या होत्या, त्या अर्ध्यामुर्ध्या पुसल्या होत्या. गवतातून पुसट करड्या रेषा डोकावत होत्या. कागदावर छापल्यावर कुणाला दिसल्या नसत्या. पडद्यावर चौपट मोठ्या केल्या तेव्हा दिसल्या.

मग मी त्यांना आमचं काम समजावलं. फोटोतला एखादा भाग बदलायचा तर आधी तो निवडावा लागतो. लॅसो नावाचं हत्यार असतं, त्याने हाताने वेढा काढायचा. वेढा पुरा झाला की त्याच्यावर ठिपके पळायला लागतात. आम्ही त्यांना मुंग्या म्हणतो. मुंग्यांच्या आत जे आहे त्यालाच हात लागतो, बाहेरचं सुरक्षित.

"आणि ही साय कशी राहते?"

"वेढ्याची कड धारदार ठेवायची की मऊ, त्यासाठी वर एका चौकोनात आकडा असतो." मी तिथे शून्य टाकलं आणि एका दगडाभोवती वेढा काढून तो पुसला. दगड साफ गेला. मग साठ टाकले आणि दुसरा दगड पुसला. मधला भाग गेला, कडेला धुरकट छाया राहिली. "आभाळाला मऊ कड लागते, नाहीतर ढग कातरून चिकटवल्यासारखे दिसतात. पण दगड, भेग, तार, असलं काही काढायचं तर शून्यच हवं."

"म्हणजे पुसणाऱ्याने चुकून मऊ कड ठेवली. किती आकडा असेल?"

मी त्या पुसट पट्टीची रुंदी मोजली. मग त्याच कामातला दुसरा फोटो उघडला. त्यातलं आभाळ मी त्याच दिवशी सकाळी केलं होतं. त्याच्या कडेची रुंदी मोजली. दोन्ही बरोबर सारख्या निघाल्या.

"साठ," मी म्हटलं. "माझाच आकडा."

कारण या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. तो आकडा आपणहून मागे येत नाही. तुम्ही साठ ठेवून उठलात तर पुढचा माणूस येईपर्यंत तो साठच राहतो, फोटो बदलला तरी. एरवी मी उठताना न चुकता शून्य करते. त्या दिवशी मालकांनी, "जेवून घ्या पटकन, दोनला छपाई आहे," असा धोशा लावला होता आणि मी आभाळ अर्धवट टाकून उठले होते.

"म्हणजे भेग पुसणारा तुमच्या आभाळानंतर तुमच्याच मशीनवर बसला," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि तुमचाच साठ वापरला. अहो, हे तर तुमच्याच अंगाशी आलं."

"मी असते तर मला माहीत होतं ना साठ आहे ते! मी शून्य केलं असतं!"

"हे तुम्ही म्हणता. पोलीस म्हणतील, घाईत विसरलात."

मी स्वतःच्या हाताने स्वतःभोवती वेढा काढला होता. चार वाजून पाच मिनिटं झाली होती, कीबोर्डच्या बाजूला तो कागद तसाच पडला होता आणि काचेपलीकडून चार माणसं माझ्याकडे बघत होती. मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं.

चौकशीबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तो चौकोन साठवर ठेवा. आणि एखादा फोटो उघडा, ज्यात एकुलतं एक झाड आहे."

"कशाला?"

"बघू या, साठला कोण फसतं."

४

मी माळरानावरच्या एकाच झाडाचा फोटो उघडला, चौकोनात साठ ठेवले आणि खुर्ची मोकळी करून दिली.

भटक्या आधी आला. "हे झाड काढून दाखवा," बाई म्हणाल्या. त्याने वाकून पाहिलं आणि मॅजिक वँड घेतली, म्हणजे एका जागी टिचकी मारली की सारखे रंग आपोआप निवडणारं हत्यार. तिला त्या चौकोनाशी देणंघेणं नसतं. त्याने टिचकी मारली, तर झाडाबरोबर अर्धं माळरान निवडलं गेलं. "हे असं होतं माझं," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून मी फोटो काढतो आणि यांच्या गळ्यात मारतो." भेगेचा वेढा हाताने काढलेला होता. त्याला ते सात जन्मात जमलं नसतं.

मालकांनी माउस उलटा धरला. बाईंनी त्यांना लगेच परत पाठवलं.

झटपट खुर्चीत बसला आणि झाडाकडे न बघताच त्याने वरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. सगळी हत्यारं मूळ स्थितीत गेली. साठचं शून्य झालं.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की आधी सगळं साफ करायचं," झटपट म्हणाला. "पूर्वी इथे एक पोरगा होता, त्याच्या मशीनवर एकदा न बघता काम केलं, तर त्याचा आकडा तसाच राहिलेला. अख्खं काम परत करावं लागलं. मास्तरांनी असं झापलं की कानाला खडा लावला." मग त्याने आपल्या ब्रशने झाड निवडलं आणि मिनिटात उडवलं. कड धारदार होती.

तो गेला. मी चौकोनात परत साठ टाकले.

"आता नीट विचार करू," चौकशीबाई म्हणाल्या. "लॅसो हाताने सफाईने चालवणारा माणूस. इतका मुरलेला, तरी त्याने आकडा पाहिला नाही. मुरलेला माणूस कधी बघत नाही? जेव्हा त्याला ठाऊक असतं की तिथे शून्यच असणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मशीनवर शून्यच असणार, असं कुणाला ठाऊक आहे?"

मला उत्तर कळलं होतं.

झटपट सुट्टीत खाली जातो. मालक केबिनमध्ये असतात. रोज दुपारी मी जेवायला गेले की बाबा माझ्या खुर्चीत बसतात. माझा पडदा मोठा आहे, म्हणून आपल्या कामाचे रंग तिथे तपासतात. नऊ वर्षं हे चाललंय. नऊ वर्षांत त्यांना तिथे कधी शून्याशिवाय काही दिसलेलं नाही. उठताना शून्य करून उठायचं, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. चुकलं की बोटांवर पट्टी मारायचे. ते दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर बसले असते तर त्यांनी आकडा पाहिला असता. माझ्यावर त्यांचा भरवसा होता म्हणून पाहिला नाही.

आणि जेवल्यावर ते डोळे मिटून पडत नाहीत. कधीच नाही.

"मास्तर राहिले," चौकशीबाई म्हणाल्या.

"त्यांना राहू द्या ना. वय झालंय त्यांचं."

"चार चाळीस झालेत," त्या म्हणाल्या, उठून काचेच्या दारापर्यंत गेल्या आणि बाबांना हाताने खूण केली. मग माझ्याकडे पाठ करून पिशवीत रुमाल शोधायला लागल्या.

बाबा उठताना मला काचेतून दिसले. माउस माझ्या हातात होता. चौकोन समोर होता. साठच्या जागी शून्य करायला एक टिचकी पुरे होती.

५

मी ते केलं नाही.

का, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की बाबा बघतील. निदान आज, एवढं रामायण झाल्यावर, एकदा तरी आकडा बघतील आणि मग माझा सगळा विचार चुकीचा ठरेल. आणि खोटं कशाला बोलू? त्या 'पाहिलं नाही'चा मला राग आला होता. पाच दिवस मी चोरासारखी वावरत होते आणि ते गप्प होते.

बाबा खुर्चीत बसले. चष्मा सारखा केला. त्यांनी लॅसो घेतला आणि झाडाभोवती वेढा काढला. काय हात चालतो त्या माणसाचा! फांदीन् फांदी धरून, कुठे थरथर नाही. मुंग्या पळायला लागल्या. वरच्या चौकोनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूचं माळरान उचललं आणि झाडावर ठेवलं.

झाड गेलं. कडेला त्याची धुरकट छाया राहिली.

बाबांनी चौकोनाकडे पाहिलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली. बाईंकडे नाही, माझ्याकडे.

"परत साठ?" ते ओरडले. "किती वेळा सांगितलंय, उठताना शून्य करून उठायचं! त्या दिवशीही अशीच..."

ते थांबले.

"त्या दिवशी काय, मास्तर?" चौकशीबाईंनी विचारलं. रुमाल त्यांच्या हातातच होता. तो हरवलेला नव्हताच, हे मला तेव्हा कळलं.

मग बाबांनी चष्मा काढला.

"कंपनीचा माणूस आत आला," ते म्हणाले. "हातात छापील नमुना होता. म्हणाला, मास्तर, ही रेघ तेवढी काढा, चित्र खराब दिसतंय. मला पायवाट वाटली. चाळीस वर्षं लोकांनी सांगितलेल्या रेघा काढतोय मी. दोनला छपाई होती. काढली."

"साठ कधी कळलं?"

"छापून आल्यावर. कडेला साय दिसली मला. म्हटलं, पोरगी आकडा ठेवून उठली, सांगायला पाहिजे. मग राहून गेलं. मग तो उतार आला खाली." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "तेव्हा कळलं ती पायवाट नव्हती. घाबरलो. मूळ फोटो काढून टाकला."

"आणि मी?" मी विचारलं. "बाबा, माझ्या नावाचा कागद टाइप झाला. तुम्ही त्या काचेतून बघत होतात."

"तू काही केलंच नव्हतंस. वाटलं, तुझ्याविरुद्ध काय सापडणार? विचारतील आणि सोडतील. उद्या सांगतो, उद्या सांगतो असं करत..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बघवेना म्हणून खाली पाहिलं. "माझं चुकलं गं. फार चुकलं."

जवळ जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता.

चौकशीबाई जबाब लिहायला लागल्या. "नजरचुकीने भेग पुसली गेली व..."

"थांबा," बाबा म्हणाले. मास्तरांचा आवाज परत आला होता. "भेग पुसली ती नजरचुकीने. मूळ फोटो घालवला तो जाणूनबुजून, आणि पाच दिवस गप्प बसलो तेही जाणूनबुजून. वेगवेगळं लिहा. आणि कंपनीच्या त्या माणसाचं नावही लिहा, माझ्याकडे त्याचं कार्ड आहे. एकात एक मिसळू नका."

पाचला दार उघडलं. पोलीस बाबांना घेऊन गेले. मी सोबत येते म्हटलं, तर ते म्हणाले, "नको. घरी जा आधी."

मालकांनी माझ्या नावाचा कागद फाडला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "सुटलीस बघ!" ते म्हणाले. मी त्यांचा हात झटकून टाकला.

६

दार आईने उघडलं. तिने माझ्या मागे जिन्यात पाहिलं.

"हे कुठेत?"

मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. भेग, साठचा आकडा, काचेचं दार, बाबांचा जबाब. माउस माझ्या हातात होता, तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण त्या दिवशी मला आणखी काही लपलेलं नको होतं.

आई भिंतीला टेकली.

"तो आकडा बदलायला किती वेळ लागतो?"

"काहीच नाही. एक टिचकी."

"मग बदलला का नाहीस?"

"वाटलं, ते बघतील." मग मी म्हटलं, "आणि राग आला होता आई. खूप."

वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खाली उतरलं आणि आमच्या शेजारून बाहेर पडलं.

"मी असते तर बदलला असता," आई म्हणाली.

मी मान हलवली. मला तेच वाटलं होतं.

"बदलला असता आणि नंतर जन्मभर यांचं तोंड पाहिलं नसतं." ती भिंतीपासून दूर झाली. "पाच दिवस तू ताटावरून उठून जात होतीस. आणि हे समोर बसून जेवत होते. मी वाढत होते यांना! मला वाटायचं, बापाच्या जिवाला घोर लागलाय, बोलत नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी तर मी यांना आणखी एक पोळी घ्या म्हणून आग्रह केला गं."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाबांचा स्वेटर होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि डोळे पुसलेले होते.

"यांना थंडी सोसत नाही," ती रागानेच म्हणाली. "चल. ती चौकी मला एकटीला सापडायची नाही."

"मला बघून त्यांना काय वाटेल?"

"जे वाटायचं ते वाटू दे. तू माझ्या शेजारी उभी राहा."

मी तिच्या हातातून स्वेटर घेतला. चपला मी अजून काढल्याच नव्हत्या.